शेवटचा रकाना

चाचा, तुमच्या दुकानाचं शटर बारा दिवसांपासून बंद आहे आणि नेटवरचं तुमचं पान उघडंच आहे. काल बोरी अरबच्या स्टँडवर गाडीची वाट बघत उभी होते, तेव्हा मोबाइलवर उघडलं. वर तुमचं नाव, यूसुफ मोटरवाले. खाली तो फोटो, ज्यात तुम्ही जळलेली मोटर मांडीवर घेऊन बसलात आणि कॅमेऱ्याकडं न बघता तिच्याकडंच बघताय. त्याखाली तक्ता. किती हॉर्सपॉवरची मोटर, किती खाचा, किती गेजची तार, किती टर्न, म्हणजे तारेचे वेढे. माणूस गेल्यावर पानाचं काय होतं, हे मी तुम्हाला शिकवलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं.

समितीतले लोक म्हणाले, सरिता, तू लिहितेस, चाचांवर दोन शब्द लिही. मी लिहीत नाही, मी पत्रकं काढते. पाण्याचं, विजेचं, एसटीचं. वर ‘जाहीर निषेध’, मध्ये मागण्या, खाली ‘आपली नम्र, कृती समिती’. स्वतःचं नाव घालायचं कधी काम पडलं नाही. इतकी पत्रकं वाटली, एकाही कागदाखाली माझं नाव नाही. याला मी साधेपणा समजत होते.

तुम्हाला आठवतं का, आपली ओळखही पत्रकावरूनच झाली. मी तुमच्या भिंतीला, न विचारता, पत्रक डकवत होते. आतून तुमचा आवाज आला.

“बेटा, उलटं लावून राह्यली.”

मी दचकून मान वाकडी करून बघितलं. सरळ होतं.

“पाह्यलं ना तू?” तुम्ही हसत होता. “तसंच उलटं लावत जा. लोकंबी थांबून पाह्यतीन. सरळ कागद कोन वाचते इथं.”

मग चहा मागवला. माझ्या पिशवीतला समितीचा जुना लॅपटॉप बघून तुम्ही विचारलं, “नेटवर सारं भेटते म्हन्ते. जुन्या मोटरीचे टर्न भेटतीन काय?” एक मोटर समोर पडली होती. तिच्यावरची माहितीची पट्टी झिजलेली, तार जळून गोळा झालेली, त्यामुळं वेटोळी मोजायला जागा उरली नव्हती. आपण शोधलं. पहिल्या पानावर नव्या मोटरींच्या जाहिराती. दुसऱ्या पानावरही त्याच.

“ह्ये तं सारे नवी घे, नवी घे म्हनून राह्यले. जुनीचं कोनी बोलतच नाही.”

मला तेवढंच हवं होतं. बाजार, भांडवल, गरिबाच्या हातातलं हुनर कसं मारलं जातं, यावर मी चहा थंड होईपर्यंत बोलले. तुम्ही सगळं ऐकून घेतलं. मग म्हणालात, “बराबर हाय तुह्यं. पन मंग आपन टाकू शकतो काय?”

माझ्या भाषणात हा प्रश्न कुठंच नव्हता.

तेव्हापासून लाइन गेली की शाळा. दुपारी वीज गेली की तुमचं काम थांबायचं, आणि मी समितीच्या फेरीवर असले तर तुमच्याकडं वळायचे. लॅपटॉप बॅटरीवर, नेट माझ्या मोबाइलचं. माउस हातात दिला तर तुम्ही तो आधी उलटा केला, मग पेचकसनं उघडला, आत बघितलं, “हं” म्हणालात आणि परत बसवला. त्यानंतरच वापरायला घेतला. ज्याच्या आत काय आहे ते दिसत नाही, त्याला हात लावायचा नाही, असा तुमचा नियम होता. म्हणून तयार साच्यातलं पान तुम्हाला नको होतं. “आतून कसं बांधतेत ते दाखव,” म्हणालात.

मी पानाचे कोड दाखवले. इथं खूण उघडायची, मजकूर लिहायचा, मग तीच खूण तिरपी रेघ घालून बंद करायची. समितीतल्या मुलामुलींना हे समजावताना माझा घसा बसतो. तुम्ही एकदा बघितलं. “कॉइलसारखंच हाय. एक सुरुवात, एक शेवट. शेवट मोकळा राह्यला का मोटर गेली.” तरी दुसऱ्याच दिवशी तुम्ही ठळक अक्षराची खूण उघडली आणि बंद करायची विसरलात, आणि तिथून खालचं सगळं पान जाडजूड काळं झालं. चाची आतून चहा घेऊन आल्या होत्या. लॅपटॉपच्या पडद्याकडं बघून म्हणाल्या, “ये क्या, सब जल गया?”

“शॉर्ट झालं,” तुम्ही म्हणालात आणि शांतपणे तिरपी रेघ शोधायला लागलात. एका बोटानं, एकेक अक्षर. मला घाई असायची. मी तुमच्या हाताखालून कीबोर्ड ओढायचे, आणि तुम्ही तो परत ओढून घ्यायचे.

तुम्ही आणखी एक विचारलं होतं. मी सांगत होते की फोटो काढून टाकला तरी तोवर कोणीतरी उतरवून घेतलेला असतो, तो त्याच्याकडं राहतो. तुम्ही बोट थांबवलं. “म्हन्जे एकदा टाकलं का वापस येत नाही?”

“नाही चाचा.”

“मंग इचार करून टाकलं पाह्यजे, बेटा.”

मी हो म्हणाले. मास्तरीण होते ना मी.

मग तुम्ही वही काढली. पुसदला तुमच्या उस्तादाकडं तुम्ही शिकायला होता, तेव्हा उस्ताद मोटर खोलताना वही पाठीमागं धरायचा. टर्न किती घेतले ते शागिर्दाला दिसू द्यायचा नाही. हा तुमच्या धंद्यातला रिवाजच. ज्याची वही त्याची विद्या. तुम्ही उस्तादानं फेकलेली जळकी वेटोळी घरी नेऊन, काळ्या तारा सोडवत, एकेक मोजून शिकलात. म्हणून तुमचं ठरलं होतं. “त्यानं झाकली. मी उघडी ठेवतो. कोन्या पोराले जळका तार मोजायचं काम नाही पडलं पाह्यजे.”

पण वहीत पाच रकाने होते आणि तुमच्या तक्त्यात चार. पाचव्या रकान्यात मोटर कोणाची आणि जळली कशानं, ते होतं. ‘फेज गेला.’ ‘व्होल्टेज डाउन.’ ‘पाणी शिरलं.’ आणि काही नावांपुढं नुसता एक छोटा वाकडा हुक काढलेला. त्याचा अर्थ आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो. आकडा. लाइनवर तार टाकून घेतलेली वीज. तुम्ही ते लिहून ठेवायचे, कारण आकड्याची मोटर परत येते. जोड सैल असतो, ठिणगी पडते, पुन्हा जळते. वैद्यानं रोग्याची सवय लिहून ठेवावी तसं.

“चाचा, हाच रकाना टाका,” मी म्हणाले. “हा पुरावा आहे. व्होल्टेज नाही म्हणून मोटरी जळतात. अर्ज करून वर्षानुवर्षं कनेक्शन मिळत नाही म्हणून लोक आकडा टाकतात. लपवायचं काय त्यात? लाज त्यांना वाटली पाहिजे, आपल्याला नाही.”

“टर्न माहे हायेत, बेटा. नावं लोकायचे हायेत.”

“लोकांसाठीच तर चाललंय सगळं.”

“मंग लोकायले इचार.”

मी म्हणाले, विचारत बसलो तर कोणीच हो म्हणणार नाही. तुम्ही म्हणालात, मग उत्तर भेटलंच ना तुला. मी चिडले. तुम्हाला भित्रे म्हणाले. हा शब्द मी वापरला, चाचा. तुम्ही वार्निशचा ब्रश पुसत होता, पुसत राहिलात.

त्या शुक्रवारी तुम्ही नमाजला निघालात. “दुकान पाय, बेटा. मी आलोच.” आणि वही बाकावर तशीच. मी तुमच्यासमोर जिला हात लावला असता तरी तुम्ही काही म्हणाला नसतात, ती वही मी तुमच्या पाठीमागं उघडली. एकेक पान उलटलं, फोटो काढला. मग तुमच्या पानावर, तुमच्या नावाखाली ते सगळे फोटो टाकले आणि वर लिहिलं, ‘पुरावा’. संकेतशब्द मला माहीत होता. तो मीच तुम्हाला बनवून दिला होता.

मधलं एक पान मी उलटलं आणि फोटो काढला नाही. त्या पानावर माझ्या बाचं नाव होतं. पुढं हुक.

तेव्हा मला कळायला हवं होतं, असं लिहायचं मी आधी ठरवलं होतं. पत्रकात असंच लिहितात. पण ते खोटं आहे. मला तेव्हाच कळलं होतं. हे छापल्यानं माणसाचं काय होतं हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ते एक पान गाळलं. बाकीच्यांचं काय होतं, तेही त्याच क्षणी ठाऊक होतं. तरी पुढचं पान उलटलं.

आणि मग आम्हा समितीवाल्यांची सवय. निवेदनाला पुरावा जोडायचा. वीज कार्यालयात निवेदन दिलं, त्यावर तुमच्या पानाचा पत्ता लिहिला, ‘सोबत पाहावे’. पोच घेतली. शिक्का नीट उमटला नाही म्हणून बाबूशी भांडून पुन्हा मारून घेतला. घरचा पत्ता आपल्या हातानं देऊन वर पावती मागणारी मी.

वीज कंपनीचं पथक आलं ते तुमचं पान छापून घेऊन. आधी तुमच्या दुकानात, मग शेतांत. आमच्या तांड्याच्या मागच्या अंगानं, गावाच्या पलीकडच्या वाटेनं, जिथं जिथं हुक होता तिथं तिथं तारा उतरवल्या, मोटरी ओढून नेल्या, वीजचोरीचे कागद केले. बाचा आकडा राहिला. त्याचं नाव कुठंच नव्हतं.

मला कोणीतरी फोन केला. मी पान उघडलं तर फोटो गेलेले. आणि आणखी एक गोष्ट गेलेली. तक्त्याखाली तुम्ही स्वतः टाइप केलेली ओळ होती. ‘हे मले तांड्यातल्या सरितानं शिकवलं.’ ती नव्हती. मला ते फार लागलं. लोकांच्या मोटरी जात होत्या, आणि मला लागलं ते हे, की चाचांनी माझं नाव पुसलं.

संध्याकाळी पंचायतीसमोर लोक जमले. तुम्हाला बोलावलं. मी मागं उभी होते, जिथं मी एरवी कधी उभी राहत नाही. परशरामकाकाची मोटर गेली होती. तो पुढं आला.

“यूसुफ, तुह्या हातानं बांधलेली मोटर व्हती ते. तूच आमाले नेटवर चढवलं?”

तुम्ही पायाजवळचा खडा चपलेनं बाजूला सारलात.

“बोल ना. आमचे नावं टाकाले तुले कोनं सांगतलं?”

“पान माह्या नावाचं हाय,” तुम्ही म्हणालात.

“म्हन्जे तूच टाकले.”

“पान माह्या नावाचं हाय म्हनलं ना परशराम.”

एवढंच. तुम्ही खोटं बोलला नाहीत. कोणीतरी म्हणालं, बुढ्याले बुढापनी शौक सुचले. कोणीतरी हसलं. तुम्ही टोपी काढून, झटकून, परत घातली. एकदाही मागं वळून बघितलं नाहीत. तुम्ही वळला असता तर मी बोलले असते, असं मी कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. म्हणजे माझ्या गप्प राहण्याचा दोषही मी तुमच्याच मानेवर ठेवला होता. मी, जिला माइक दिला की परत घेता येत नाही.

त्यानंतर लोक मोटरी दारव्ह्याला न्यायला लागले. तुमच्या दुकानासमोर मोटरींची जी रांग असायची, तिथं कुत्री झोपायला लागली. मी येणं कमी केलं. स्वतःला सांगितलं, चाचा रागावलेत, नाव पुसलं माझं. रुसण्याचा हक्क आपला आहे असं वाटण्याइतकी मी निर्लज्ज होते.

शेवटचं भेटलो ते मोर्च्याच्या आदल्या दिवशी. मी झेंड्याच्या काठ्या घेऊन चालले होते. तुम्ही हाक मारली.

“सरिता, अक्षर मोठं कसं करतेत? डोये गेले माहे. माहं पान मलेच वाचता येत नाही.”

दोन मिनिटांचं काम होतं. एक आकडा बदलायचा.

“पुढच्या आठवड्यात येते चाचा, आता लई घाई आहे.”

“ये मंग. मले सबर हाय.”

दोन पुढचे आठवडे गेले, आणि तिसऱ्यात तुम्ही.

तिसऱ्या दिवसाच्या फातिह्याला आले होते. बायकांत बसले. सगळ्या उठून गेल्यावर चाची म्हणाल्या, थांब. आतून वही आणली. “तेरे चाचा बोले थे, सरिता को देना. उसको कम्प्यूटर में चढ़ाना आता है.”

मी म्हणाले, चाची, त्यांनी तर माझं नाव काढलं होतं.

चाचींनी वही माझ्या मांडीवर ठेवली. मग सांगितलं. त्या दिवशी पथकाची गाडी दुकानासमोरून हलल्याबरोबर तुम्ही मोबाइल घेऊन बसलात. चष्मा सापडेना. आधी माझ्या नावाची ओळ काढली, मग फोटो. चाची म्हणाल्या, अहो, फोटो तर आधी काढा. तुम्ही म्हणालात, “फोटो तो वो ले गए. लोगां अब्बी आएंगे. लड़की का नाम नहीं दिखना.”

मी वही उघडली. तुम्ही मोटरीच्या खाचांत घालता तो जाडसर कागद, करंट बाहेर फुटू नये म्हणून तारेखाली ठेवतात तो. त्याच्या पट्ट्या कापून तुम्ही वहीभर चिकटवल्या होत्या. पाचव्या रकान्यावर, नेमक्या नावांवर. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. पथकाकडं ज्यांचे फोटो गेले होते त्यांच्यावरही, ज्यांच्यापुढं हुक नव्हता त्यांच्यावरही. टर्न उघडे, नावं बंद. बाच्या नावावरही तशीच एक पट्टी. बाकीच्यांपेक्षा जाड नाही, पातळ नाही. तुम्हाला माझा बा वेगळा नव्हता. तो फक्त मला वेगळा होता.

चाचा, तुमच्याशी माझं भांडण अर्धं राहिलंय, आणि मला ते गोड करून संपवायचं नाही. व्होल्टेज नसतं म्हणून मोटरी जळतात, हे खरंच आहे. अर्ज धूळ खात पडतात, हेही खरंच आहे. मी ते बोलत राहणार. पण दुसऱ्याचं नाव पुढं करून आणि स्वतःचं मागं ठेवून बोलले, ते लढणं नव्हतं. ‘लोकायले इचार’ म्हणाला होता तुम्ही. भित्री कोण होती ते आता मला ठाऊक आहे.

या वेळी विचारलं. आधी बाला. तो बैलांना कडबा टाकत होता. मी सगळं सांगितलं. वही, फोटो, गाळलेलं पान, त्याचा हुक, आणि हेही की मला हे लिहायचंय, नावासकट. बाचा हात थांबला. तो आमच्या बोलीत बोलला, इथं मराठीत लिहिते.

“पथक येईल.”

“हो.”

“तुझी याडी बोलणार नाही तुझ्याशी.”

“हो.”

त्यानं उरलेला कडबा टाकला, हात झटकले. “मला निदान विचारलंस. त्यांना कोणी विचारलं होतं?” मग शेताकडं गेला. काय करायला गेला ते मी विचारलं नाही. याडी, माझी आई, खरंच बोलत नाही. भाकर पुढं ठेवते आणि तोंड फिरवते.

नंतर चाचीला विचारलं. त्या म्हणाल्या, “पान तो अब मेरा है ना? लिख.”

तर आज तुमच्या पानावर अक्षर मोठं केलं. दोन मिनिटं लागली. वहीतले उरलेले टर्न चढवते आहे, चारच रकाने, तुमच्यासारखं एकेक. घाई करत नाही. काढलेली ओळ परत टाकली, ‘हे मले तांड्यातल्या सरितानं शिकवलं’. तिच्याखाली दुसरी ओळ माझी आहे. ‘लोकांच्या नावांचे फोटो यूसुफचाचांनी टाकले नव्हते. ते मी, सरितानं, त्यांच्या पाठीमागं टाकले, आणि माझ्या बाचं पान गाळलं.’ खूण उघडली होती ती बंद केली. दोनदा तपासलं.

हाच कागद बाजाराच्या दिवशी तुमच्या शटरला डकवणार आहे. परशरामकाका त्याच रस्त्यानं जातो. तुम्ही म्हणायचे तसा उलटा लावीन, म्हणजे तो थांबेल, मान वाकडी करील आणि शेवटपर्यंत वाचील. शेवटी समितीचं नाव नाही.

सरिता